पिवळ्या रसाचं रसग्रहण

कामरगावला आत्याच्या वावरात पाय ठेवला आणि माझं पहिलंच वाक्य चुकलं. "आत्या, यंदा धुऱ्यानं मोहरी पेरली काय?" महाशिवरात्र होऊन आठवडा झाला होता. हरभरा पिवळा पडून घाटे वाजायला लागले होते, सोंगणी तोंडावर आली होती. पांदणीच्या कडेला, धुऱ्यावर, विहिरीतून काढलेल्या मातीच्या ढिगावर पिवळ्या फुलांची एक तुटक ओळ उभी होती. लांबून पाहणाऱ्याला मोहरीच वाटावी. आत्या हसली. "मोहरी कायची बाबू, धोतरा हाय तो. पिवया धोतरा. हात नोको लावू, काटे रुततीन."

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातलं हे गाव काळ्या मातीचं. सोयाबीन, तूर, पराटी, आणि पाण्याची सोय असेल तिथे गहू नाहीतर हरभरा. मोहरी आमच्याकडे किराणा दुकानातून पुडीत येते आणि फोडणीत तडतडते, तेवढाच तिचा आमच्याशी संबंध. मोहरीचं शेत मी पाहिलेलं आहे ते हिंदी सिनेमात. पंजाबातलं ते पिवळं शेत पडद्यावरून डोळ्यांत पेरलं गेलं असावं, म्हणून माघ-फाल्गुनात कुठेही पिवळं दिसलं की तोंडून 'मोहरी' निघतं.

मी शाळेत मराठी शिकवतो. दहावीच्या मुलांची कवितेची रसग्रहणं दरवर्षी तपासतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे मुद्दे ठरलेले. मुलं हुशार असतात. कविता नीट न वाचताही 'कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' असं लिहून एखादा गुण पदरात पाडून घेतात. मीही आत्ता तेच केलं होतं, लांबूनच गुण मिळवायला गेलो होतो. मग वाटलं, कोणी न पेरलेल्या, कोणी न वाखाणलेल्या, उपटण्यापुरताच माणसाचा हात लागणाऱ्या या झाडाचं एकदा नीट रसग्रहण करून पाहावं. याच्या अंगात तर खरोखरचा रस आहे, आणि तोही रंगीत.

सुरुवात शीर्षकापासून करायची असते. इथे शीर्षकं अनेक आहेत आणि बहुतेक सगळी फसवी आहेत. 'पिवळा धोतरा' हे नाव घ्या. खऱ्या धोतऱ्याशी याचं काही नातं नाही. धोतरा वांग्या-मिरचीच्या कुळातला, हा अफू-खसखशीच्या. दोघांत सारखं काय, तर काटेरी फळ. कोणीतरी फळ पाहिलं, धोतरा आठवला आणि नाव ठेवून मोकळा झाला. महादेवाला धोतऱ्याचं फूल लागतं, पण महाशिवरात्रीच्या दिवशीसुद्धा आमच्या घरातलं कोणी या पिवळ्याकडे वळत नाही. म्हणजे नाव धोतऱ्याचं मिळालं, मान मिळाला नाही. दुसरी नावं 'फिरंगी धोत्रा' आणि 'बिलायत'. ती जास्त प्रामाणिक आहेत, कारण हे झाड इथलं नाही एवढं तरी ती सांगून टाकतात. विलायती चिंचेतलं विलायत जसं इंग्लंड नसून नुसतं 'समुद्रापलीकडचं' असतं, तसंच हेही. हिंदीत याला 'सत्यानाशी' म्हणतात. शेतात शिरला की काय होतं याचा निकाल नावातच लावलेला.

संस्कृत नाव सगळ्यांत देखणं आहे, स्वर्णक्षीरी, म्हणजे सोन्यासारखं दूध असलेली. पण याच नावात मोठा पेच आहे. स्वर्णक्षीरी चरकसंहितेत आहे, आणि हे झाड मुळात मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचं. कोलंबसाच्या आधी ते इकडे कसं असेल? चरकांची स्वर्णक्षीरी वेगळीच कुठलीतरी वनस्पती असली पाहिजे. तिची जागा रिकामी होती, पिवळा चीक घेऊन हा परदेशी पाहुणा आला आणि त्या जुन्या नावावर बसला. आयुर्वेदाचे अभ्यासक यावर आजही वाद घालतात. ज्याच्या जन्मदेशी त्याला 'चिकालोते' म्हणतात, नाहुआत्ल भाषेतल्या शब्दावरून आलेल्या नावानं, त्याला आपण संस्कृत नाव देऊन घरचा करून टाकला. शास्त्रीय नाव लिनिअसनं १७५३ साली दिलं, आर्जेमोने मेक्सिकाना. त्यातला दुसरा शब्द गावाचा पत्ता सांगतो. पहिल्या शब्दात एक डोळा लपलेला आहे, त्याच्याकडे मी नंतर येतो.

आता जवळ जाऊन पाहू. मी ढिगाऱ्यावरच्या सगळ्यांत मोठ्या झाडापाशी उकिडवा बसलो. उंची माझ्या कमरेला लागेल एवढी. पान पहिल्यांदा नजरेत भरतं ते रंगामुळे. हा हिरवा आपल्या ओळखीचा हिरवा नाही. निळसर, राखाडीकडे झुकलेला, वर मेणाचा पातळ थर असल्यासारखा. त्यावर शिरांच्या कडेनं पांढरे पट्टे, जणू चुन्याचं बोट फिरवलंय. पानाला देठ नाही. ते खालून खोडाला अर्धवट मिठी मारून बसतं. कडा दातेरी, खोल कापलेल्या, आणि प्रत्येक दातऱ्याच्या टोकाला पिवळट काटा. पानाच्या मागच्या बाजूलाही शिरेवर काटे, खोडावरही. ढोरं याच्या वाऱ्याला उभी राहत नाहीत. कसलीही पानं ओरबाडणारी बकरीसुद्धा याला वळसा घालून जाते. अशा पानाला मुलांच्या भाषेत 'भयानक रसाचं उदाहरण' म्हणता येईल, पण मला त्यात जास्त दिसली ती काटकसर. उन्हाळ्याच्या तोंडावर, पाऊस नसताना, ओल खाली खाली सरकत असताना जगायचं तर पाणी उडू द्यायचं नाही आणि पान कोणाच्या तोंडी लागू द्यायचं नाही. मेण आणि काटा, दोन्ही त्याच एका हिशेबातले.

या अशा अंगावर फूल येतं ते मात्र भलतंच नाजूक. आधी कळी पाहा. तीन निदलं एकमेकांना घट्ट चिकटलेली आणि प्रत्येकाच्या टोकाला एक शिंग. तीन शिंगांची ही कळी म्हणजे बंद मूठ, तिलाही बारीक काटे. फूल उमलायला लागलं की ही तिन्ही निदलं गळून पडतात, फुलाखाली त्यांचा मागमूस राहत नाही. पाकळ्या बाहेर येतात त्या चुरगळलेल्या, पतंगाचा कागद मुठीत धरून सोडावा तशा. मग उन्हात त्यांच्या सुरकुत्या हळूहळू निघतात. रंग लिंबाच्या सालीचा, फुलाचा पसारा चार-पाच सेंटिमीटर. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुपका आणि त्यातून वर डोकावणारा एक गडद लाल ठिपका, म्हणजे स्त्रीकेसराचं टोक. सगळ्या पिवळ्यात तेवढाच एक लाल. सकाळी दहाच्या उन्हात एक मधमाशी त्या झुपक्यात लोळत होती. खसखशीच्या कुळातल्या फुलांत मध शोधून फारसं हाती लागत नाही, पराग मात्र भरपूर. तिच्या मागच्या पायांवर पिवळे गोळे चढलेले दिसत होते. हे फूल फार तर दोनेक दिवसांचं.

मोहरीचं सोंग पहिल्यांदा फुटतं ते इथेच. मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या, फुलीसारख्या समोरासमोर, आणि सहा पुंकेसर. मोहरीच्या कुळाची ती सहीच आहे. माझ्यासमोरच्या फुलाला पाकळ्या सहा होत्या आणि पुंकेसर मोजायला गेलो तर बोटं पिवळी झाली, मोजणी राहिली. हा धोतरा तीनच्या हिशेबानं चालतो. निदलं तीन, पाकळ्या तीनच्या दोन फेऱ्या. दहा पावलांवरून मोहरी दिसणारं फूल हातभर अंतरावर अफूचं चुलतभावंड निघालं. मी बोललो ते वाक्य दहा पावलांवरचं होतं.

कामरगावला मोहरीसारखी रानटी वनस्पती नाहीच, असंही नाही. पावसाळ्यात याच धुऱ्यांवर पिवळी तिळवण उगवते. तिलाही पिवळी फुलं, पाकळ्या चार, शेंग बारीक, अंगाला चिकट लव आणि उग्र वास. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती मोहरीच्या कुळाची सख्खी शेजारीण, आणि इंग्रजीत तिला रानमोहरी म्हणण्याची पद्धत आहे. तिचा दाणा मोहरीच्या जागी वापरलाही जातो. ती पावसात येते, पावसाबरोबर जाते. धोतरा तिच्या उलट. पाऊस उघडल्यावर, सोयाबीनची सोंगणी होऊन वावर उघडं पडल्यावर तो जमिनीलगत पानांचं चक्र मांडतो, हिवाळाभर मूळ खोल नेतो आणि माघात उभा राहतो. खरी रानमोहरी एका ऋतूत आणि खोटी मोहरी दुसऱ्या ऋतूत, असे हे दोघं एकमेकांचं तोंड न पाहता एकाच धुऱ्यावर नांदतात.

खऱ्या मोहरीच्या कुळातले उपद्रवी जगात आहेत, पण ते दुसरीकडे. अमेरिकेच्या नैऋत्येला आणि मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडची एक रानमोहरी माजली आहे. हिवाळ्यातल्या पावसावर ती तिथल्या मूळ रानफुलांच्या आधी उगवते, त्यांची जागा खाते, आणि वाळल्यावर आगीला सरपण होते. म्हणजे जुन्या जगानं मेक्सिकोला मोहरी पाठवली आणि मेक्सिकोनं आपल्याला मोहरीचं सोंग पाठवलं. दोन्ही बाजूंनी कोणी मुद्दाम काही केलं असेल असं नाही. धान्याबरोबर, चाऱ्याबरोबर, जहाजाच्या मातीबरोबर बिया फिरतात. आपल्याकडचं गाजरगवतही असंच, अमेरिकेकडून. १९५५ च्या सुमारास पुण्यात ते प्रथम नजरेत आलं, आयात गव्हाबरोबर आलं असं सांगतात, आणि लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' करून टाकलं. गाजरगवताला आपण राजकीय नाव दिलं, धोतऱ्याला देवाचं. गाजरगवत कालचं म्हणून परकं राहिलं, धोतरा कितीतरी जुना म्हणून घरचा झाला.

आता फळ. फूल गळलं की मागे राहतं ते दोन-चार सेंटिमीटरचं लांबट बोंड, सगळीकडून काट्यांनी भरलेलं. ज्याच्यावरून धोतऱ्याचं नाव पडलं ते हेच. झाडाच्या शेंड्याला कळ्या होत्या, मधल्या फांद्यांवर फुलं आणि खाली वाळलेली बोंडं. तिन्ही काळ एकाच झाडावर. वाळलेल्या बोंडाचं डोकं चार-पाच पाकळ्यांनी थोडंसं उकललेलं होतं, मिठाच्या डबीला वर भोकं असतात तसं. मी काडीनं एका बोंडाला टिचकी मारली आणि खाली धरलेल्या रुमालावर काळे दाणे टपटपले. एका बोंडात तीन-चारशे दाणे असतात. माझ्यासमोरच्या झाडाला उकललेली, न उकललेली मिळून बोंडं होती सतरा. गुणाकार करून पाहा. वाऱ्यानं झाड हललं की मीठ भुरभुरावं तसे हे दाणे भोवती पडतात, आणि सगळे एकदम उगवतही नाहीत. काही पुढच्या वर्षी, काही त्याच्याही पुढच्या. माती हलली, वखर फिरला, कोणी नवा रस्ता काढला, की त्यांची पाळी.

माती हलण्याचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. दाट गवतात, झाडाच्या सावलीत, माजलेल्या गव्हात धोतरा सहसा दिसत नाही. त्याला उघडी, उकरलेली जमीन लागते. विहिरीचा ढिगारा, वीटभट्टीची कड, पडीक पडलेलं वावर, पांदणीवर टाकलेला भराव. कारंज्याजवळून समृद्धी महामार्ग गेला तेव्हा या भागात किती माती हलली असेल, त्याचा हिशेब या झाडाइतका बारकाईनं कोणी ठेवला नसेल. आपण जमीन कुठे उघडी टाकली याची ही पिवळी नोंदवही. आक्रमण करतो म्हणून आपण त्याच्यावर चिडतो, पण दार उघडं आपण टाकलेलं असतं.

दाणे रुमालात घेऊन मी घरी आलो. आत्या चुलीपुढे होती. "काय आनलं?" "धोतऱ्याचं बी." तिनं कपाळाला हात लावला. "कायले? पेरतं काय आता?"

रसग्रहणात ज्याला काव्यसौंदर्य म्हणतात त्याचा गाभा मला वाटतं या दाण्यात आहे. मुलांना अलंकार शिकवताना दोन अलंकारांत नेहमी गोंधळ होतो, ससंदेह आणि भ्रांतिमान. दोन्हींत एक वस्तू दुसरीसारखी दिसते. फरक एवढाच की ससंदेहात पाहणारा अजून विचारत असतो, हे अमुक की तमुक? भ्रांतिमानात त्याचं ठरून गेलेलं असतं, आणि त्या चुकीच्या समजुतीवर तो वागूही लागतो. फळ्यावर हा फरक दोन वाक्यांत सांगून मी पुढे जातो. धोतऱ्याच्या दाण्यानं हाच फरक माणसांच्या जिवावर शिकवला आहे.

उत्तर भारतात, बंगालात, बिहारात मोहरीचं तेल हेच स्वयंपाकाचं तेल. तिथे मोहरी आणि धोतरा एकाच सुमारास पिकतात. दाणा दोघांचाही बारीक, गोल, काळपट, दीड-दोन मिलिमीटरचा. चाळणीला दोन्ही सारखेच. घाण्यात दोन्ही सारखेच. धोतऱ्याच्या दाण्यातही वजनाच्या साधारण एक तृतीयांश तेल निघतं, तेही पिवळं. म्हणजे जिथे जिथे माणूस परीक्षा घेतो, दिसायला, चाळायला, पिळायला, तिथे तिथे धोतरा उत्तीर्ण. कलकत्त्यात १८७७ साली एका विचित्र रोगाची साथ आली. माणसांचे पाय सुजायचे, कातडी लाल व्हायची, धाप लागायची, काहींचं हृदय थांबायचं. पुढे कितीतरी वर्षं संशय तांदळावर होता. मोहरीच्या तेलात मिसळलेल्या धोतऱ्याकडे बोट वळायला विसावं शतक उजाडावं लागलं. तेलात शंभरात एक भाग धोतऱ्याचा असला तरी रोग होऊ शकतो.

या तेलातल्या विषाचं नाव सँग्विनारिन. लॅटिनमध्ये 'सँग्विस' म्हणजे रक्त. उत्तर अमेरिकेतल्या एका रानफुलाचा रस रक्तासारखा लाल असतो, त्याच्यातून हे द्रव्य प्रथम ओळखलं गेलं म्हणून हे नाव. पण नाव इथेही चपखल बसतं. हे विष शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या सैल आणि झिरपत्या करतं, त्यांतलं पाणी बाहेर मुरतं, पाय सुजतात, हृदयावर ताण येतो. आणि डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू होतो. आता तो शास्त्रीय नावातला डोळा. आर्जेमोने हा ग्रीक शब्द 'आर्जेमा'वरून आला, आणि आर्जेमा म्हणजे डोळ्यावरचा पांढरा पडदा. तो पडदा काढायला औषध म्हणून ग्रीक वैद्य खसखशीसारखी एक वनस्पती वापरत, तिचं नाव लिनिअसनं या मेक्सिकन झाडाला दिलं. डोळ्याच्या औषधाचं नाव मिळालेलं झाड तेलातून पोटात गेलं की डोळा घेतं. मुलांना मी विरोधाभासाचं उदाहरण शोधून आणायला सांगतो. एवढं नेमकं उदाहरण अजून कोणी आणलेलं नाही.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत ही साथ पुन्हा आली. साठहून जास्त माणसं दगावली, आजारी पडणाऱ्यांचा आकडा हजारांत गेला. त्याच वर्षी केंद्र सरकारनं खाद्यतेल बंद वेष्टनात विकण्याचा आदेश काढला. आमच्याकडे ते वर्ष वेगळ्याच कारणानं लक्षात आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून निघून वाशीम स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या गडबडीत दिल्लीच्या त्या बातमीकडे कोण पाहणार? शिवाय आमच्या कढईत तेव्हाही मोहरीचं तेल नव्हतं. शेंगदाण्याचं, जवसाचं, सरकीचं, पुढे सोयाबीनचं. मोहरी चमचाभर, तीही अख्खी. त्यामुळे इथल्या धोतऱ्याला फसवायला कोणी गिऱ्हाईकच नाही. तेच झाड, तोच दाणा, तेच विष. पण बंगालात जो दाणा माणसं मारतो, तो वऱ्हाडात धुऱ्यावर नुसता पडून असतो. आशय झाडात पूर्ण नसतो, काही भाग आपल्या कढईतही असतो.

राहिला रस. खरा. सकाळी निघताना मी एक खोड कापून आणलं होतं. कापल्या ठिकाणी पिवळा चीक साखळून थेंब होऊन बसला होता, हळदीच्या दुधासारखा. आत्यानं लांबूनच सांगितलं, "डोयात जाऊ देऊ नोको बाबू. आंधया होशीन." हा चीक खरजेला लावायची रीत आहे, काही ठिकाणी डोळ्यातही घालतात, आणि पिवळा म्हणून कावीळ उतरवायलाही वापरतात. रंगावरून औषध ठरवायची जुनी पद्धत. डोळ्याच्या बाबतीत माझं मत आत्याच्याच बाजूचं. तरी या रसाला निव्वळ विष म्हणून मोकळं होणंही घाईचं ठरेल. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात गावचे वैद्य याच झाडाच्या काढ्यानं हिवताप उतरवत, आणि संशोधकांनी तिथे तो काढा रुग्णांवर रीतसर तपासूनही पाहिला. याच्या तेलापासून डिझेल करता येईल का, यावर आपल्याकडे प्रयोग झाले आहेत. याच्या पाल्यातले अंश शेजारच्या बियांची उगवण दाबतात, म्हणून तणनाशकासारखा उपयोग होईल का, हेही तपासलं जातं. एकाच थेंबात इतके अर्थ. प्रश्न एवढाच, वाचणाऱ्यानं किती मात्रेत वाचलं आणि कुठे लावून पाहिलं.

संध्याकाळी आत्या भाजीला फोडणी द्यायला बसली तेव्हा मी मसाल्याच्या डब्यातून मोहरीचे चार दाणे घेतले आणि रुमालातले धोतऱ्याचे चार. एका स्टीलच्या ताटलीत दोन्ही शेजारी ठेवले आणि मोबाइलचा उजेड पाडला. आत्या चष्मा लावून वाकली. "सारकेच तं हायत." नीट पाहिल्यावर सारखे नव्हते. मोहरीचा दाणा गुळगुळीत, तपकिरीकडे झुकणारा. धोतऱ्याचा जास्त काळा, आणि त्याच्या अंगावर जाळी, अगदी बारीक, मासे धरायच्या जाळ्यासारखी. पण एवढी जाळी कोण पाहतं, घाण्यात पोतंभर ओतताना?

मग शेवटची परीक्षा. अन्नभेसळ ओळखायला सांगितली जाते तीच. मी चमच्याच्या पाठीनं मोहरीचा एक दाणा दाबला. टच्च आवाज झाला आणि आतून पिवळं निघालं. धोतऱ्याचा दाबला. आतून पांढरं.

म्हणजे दिवसभर मी ज्या पिवळ्याच्या मागे होतो, फूल पिवळं, काटा पिवळा, चीक पिवळा, तेल पिवळं, त्या झाडाच्या दाण्याचा गर पांढरा. आणि आमच्या डब्यातली काळी मोहरी आतून पिवळी. सकाळी धुऱ्यावर लांबून पिवळं पाहून मी 'मोहरी' म्हणालो होतो. खरं पिवळं इथे होतं, चमच्याखाली. माझ्या मुलांच्या वहीतही हेच होतं. वरून सुंदर वर्णन केलेलं असतं, दाणा दाबलेला नसतो.

"पाह्यलं?" मी आत्याला विचारलं. तिनं मान डोलावली. मी रुमाल झटकायला अंगणाकडे निघालो, तर तिनं हात धरला. रुमाल माझ्याकडून घेतला, चुलीजवळ नेला आणि धोतऱ्याचे सगळे दाणे, ताटलीतला चिरडलेलासुद्धा, निखाऱ्यांवर झटकून टाकले. बारीक तडतड झाली. मग तिनं रुमाल उलटा करून कोपऱ्यांत एखादा दाणा अडकलाय का ते नखानं चाचपून पाहिलं. एक निघाला. तोही आत टाकला.

"बाहीर झटकला असता," ती म्हणाली, "तं पुढच्या वर्सी अंगनात आला असता तुहा धोतरा."